सोळा इंच आणि तेरा क्विंटल



आपल्या होस्टेलवर दोन प्रकारचे विद्यार्थी राहतात. एक, ज्यांचा लॅपटॉप चालू आहे. दुसरे, जे सबमिशनच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह घेऊन व्हरांड्यात फिरतात आणि "पाचच मिनिटं दे ना" म्हणत कुणाच्याही रूमचं दार वाजवतात. गंमत म्हणजे दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेकांकडे पहिल्या वर्षी नवाकोरा, झगमगीत लॅपटॉप होता! मग तो गेला कुठे? कुणाची बिजागरी तुटली, म्हणून स्क्रीन आता पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभी असते. कुणाचा पंखा असा ओरडतो, की शेजारच्या रूममधून "गिरणी बंद कर" अशी हाक येते. कुणाचा दुरुस्तीला गेलाय, आणि "पार्ट आला की कळवतो" हे वाक्य ऐकून दीड महिना झालाय.

यंदा लॅपटॉप घ्यायची पाळी माझी होती. पहिली दोन वर्षं मी कॉलेजची लॅब आणि रूममेटचा चांगुलपणा यांवर काढली. पण तिसऱ्या वर्षाला सिव्हिलच्या मुलीला ते पुरत नाही. ऑटोकॅडमधला प्लॅन, ईटॅब्जमधलं मॉडेल आणि बाजूला आयएस कोडची पीडीएफ, हे सगळं १४ इंचात उघडलं की डोळे आणि डोकं दोन्ही दुखायला लागतात. म्हणून स्क्रीन मोठी हवी. रात्री अकरानंतर होस्टेलच्या मुलींबरोबर व्हॅलोरंट आणि सुट्टीत धाकट्या भावाबरोबर एज ऑफ एम्पायर्स खेळते, म्हणून गेमही चालायला हवेत. (मी काही ई-स्पोर्ट्सची खेळाडू नाही, विरंगुळा म्हणून खेळते.) आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे टिकायला हवा. डिग्रीची उरलेली दोन वर्षं, नंतर गेटचा अभ्यास किंवा पहिली नोकरी, असं धरून निदान पाच वर्षं.

बजेट ७० हजार. हा आकडा कुठून आला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलंय. पप्पा लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहेत. कुठलीही किंमत ऐकली की ते मनातल्या मनात तिचं धान्य करतात. "सत्तर हजार? म्हणजे हमीभावानं तेरा क्विंटल सोयाबीन." मी कॅल्क्युलेटर काढला. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. भागाकार केला, उत्तर १३.१. पप्पा "हमीभावानं" या शब्दावर मात्र जरा थांबले होते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतर बाजारात आलेलं भिजकं, डागी सोयाबीन त्यांनी रोज समोर तोललं जाताना पाहिलंय. आमची शेती नाही, पण शेतकऱ्याच्या पोत्यात माल नसला की आडतीच्या गल्ल्यातही काही नसतं. त्यात ज्या खात्यातून माझा लॅपटॉप यायचा, त्याच खात्यातून भावाच्या नीटच्या क्लासचा दुसरा हप्ता जायचा होता. 'लातूर पॅटर्न'चं साऱ्या महाराष्ट्राला कौतुक. आमच्या घरी तो हप्त्यांच्या रूपानं येतो. मी ९५ हजारांचा लॅपटॉप मागितला असता, तर पप्पा 'नाही' म्हणाले नसते. खरी अडचण हीच होती.

सल्ल्यासाठी मी मामांकडे गेले. मामा लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्त करतात. मी त्यांच्यापुढे तीन मॉडेल्सचा तक्ता ठेवला. प्रोसेसर, ग्राफिक्स, हर्ट्झ, सगळं रंगीत पेनानं! मामांनी तो बघितला आणि उलटा करून ठेवला.

"हे असू दे. आधी सांग, ह्यो मरणार कशानं?"

"म्हणजे, मामा?"

"अगं, माणूस घर घेताना पाणी कुठून येतं ते बघतो. तू लॅपटॉप घेताना तो कशानं मरंल ते बघ. आपल्याकडं व्हायरसनं लई थोडे मरतात."

मग त्यांनी बोटांवर पाच कारणं मोजली. ती पाचही मी इथे देते, कारण मला तक्त्यापेक्षा त्यांचाच उपयोग झाला.

पहिलं कारण ऊन. नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि होस्टेलच्या वरच्या मजल्यावर स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला असतो. आता बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं बघा : वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत. म्हणजे आपला मे महिना कंपनीच्या हिशेबातच नाही! लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असली, तर आतलं सगळं गणित १५ अंशांनी वर सरकतं. चिप ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचली की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते. म्हणजे पातळ, देखण्या बॉडीतला महागडा प्रोसेसर मे महिन्यात स्वस्त प्रोसेसरसारखा चालतो, आणि पैसे मात्र महागड्याचे गेलेले असतात. म्हणून मामांचा पहिला नियम : थोडा जाड घे, दोन पंख्यांचा घे, गरम हवा मागून बाहेर टाकणारा घे. आणि गादीवर ठेवायचा नाही. हवा बहुतेक वेळा खालून आत जाते आणि गादी तेच तोंड बंद करते.

दुसरं कारण धूळ. मामांनी एका मिलच्या ऑफिसातला लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. पंख्यापुढच्या बारीक पात्यांवर डाळीच्या भुशाचा असा थर बसला होता, की तो कापडासारखा सोलून निघाला. होस्टेलवर डाळ मिल नाही, पण रस्त्याची धूळ आहे, गाद्यांचा कापूस आहे, आणि उन्हाळ्यात थेट लॅपटॉपवर ओलसर हवा मारणारा कूलरही आहे. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न असा : मागचं झाकण साध्या स्क्रूनं उघडतं का, पंखे साफ करता येतात का, आणि उघडलं तर वॉरंटीचं काय होतं? वर्षातून एकदा साफसफाई आणि दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवी, एवढ्यावर मशीनचं आयुष्य वाढतं.

तिसरं कारण बिजागरी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या तोंडी 'हिंज' होतं. मामा 'बिजागरी' म्हणाले आणि एकदम लक्षात आलं, की हे म्हणजे दारच आहे! दार जेवढं मोठं, तेवढा बिजागरीवर ताण जास्त. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधला मोमेंट इथे दिवसातून दहा वेळा काम करत असतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत धरलेले असतात. प्लॅस्टिक तडकलं की नट सुटतो, आणि स्क्रीन पुस्तकांच्या थप्पीला टेकते. मोठ्या स्क्रीनच्या लॅपटॉपमध्ये ही भीती जास्त. दुकानात झाकण दहा-बारा वेळा उघडून-मिटून बघा. कोपरा धरून हलवला तर किती वाकतो ते बघा. आणि घरी आणल्यावर एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा.

चौथं कारण वीज. इथे मला वाटत होतं, की कमी व्होल्टेज हाच मोठा शत्रू. मामांनी चार्जर उलटा करून दाखवला. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे खेड्यातलं कमी व्होल्टेज तो बिचारा सहन करतो. त्याला मारतात ते अचानक आलेले झटके, सैल सॉकेट आणि वळिवाच्या पावसातली वीज. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायचा, बस्स. अजून एक गोष्ट. धातूच्या बॉडीवर मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात ना? ती तक्रार बहुतेकदा लॅपटॉपची नसून सॉकेटची असते. चार्जरमधल्या फिल्टरचा अगदी थोडा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसलं की तो आपल्यामधून वाट काढतो. तेव्हा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात घालू नका आणि होस्टेलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॅटरीचंही तसंच. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज, ही जोडी तिला लवकर म्हातारी करते. लॅपटॉप सतत प्लगला राहणार असेल, तर बऱ्याच मॉडेल्समध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा.

पाचवं कारण अंतर. "पुण्यात बिघडलेला लॅपटॉप आणि नांदेडला बिघडलेला लॅपटॉप सारखा नसतो," मामा म्हणाले. मी वजिराबादच्या तीन दुकानांत एकच प्रश्न विचारला : स्क्रीन गेली तर पार्ट कुठून येतो आणि किती दिवसांत? एक म्हणाला पुण्याहून. दुसरा म्हणाला हैदराबादहून. तिसऱ्यानं मलाच विचारलं, "मॅडम, कीबोर्डला रंगीत लाइट पाहिजे का?" तेव्हा वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का, म्हणजे माणूस आपल्या दारी येतो का, आणि तो आपल्या पिनकोडला खरंच येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला स्वतः फोन करून विचारा. साध्या वॉरंटीत पडणं आणि पाणी सांडणं धरत नाहीत, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. चार मुलींच्या रूममध्ये, जिथे चहाचे चार कप एकाच टेबलावर असतात, तिथे ते घेतलेलं बरं!

ही पाच कारणं डोक्यात घेऊन मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. आता थोडी भूमिती. स्क्रीनचे इंच तिरपे, म्हणजे कर्णावर मोजतात. त्यामुळे नुसत्या इंचांवरून फसायला होतं. १५.६ इंची नेहमीची स्क्रीन १६:९ या प्रमाणात असते : रुंदी सुमारे ३४.५ सेंटिमीटर, उंची १९.४. आता १६ इंची, पण १६:१० प्रमाणातली घ्या : रुंदी तीच ३४.५, उंची मात्र २१.५. आणि १७.३ इंची १६:९ ची उंची किती? तीसुद्धा २१.५! म्हणजे १६ इंचात मला १५.६ च्या रुंदीत १७.३ ची उंची मिळते. ऑटोकॅडची कमांड लाइन, एक्सेलच्या ओळी, कोडची पानं, हे सगळं उंची मागतं. १७.३ ची स्क्रीनच ३८ सेंटिमीटरहून रुंद, म्हणजे बॉडी त्याहून मोठी. ती माझ्या बॅगेत बसत नाही आणि चार्जरसकट तीन किलोंच्या घरात जाते. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या एसटीत, शनिवारच्या गर्दीत, ती बॅग मांडीवर घेऊन कुणी बसून दाखवावं! स्क्रीन चकचकीत नको, मॅट हवी. नाहीतर खिडकीसमोर बसल्यावर कामापेक्षा आपला चेहराच जास्त दिसतो. ब्राइटनेस निदान ३०० निट्स हवा.

मोठ्या स्क्रीनबरोबर मजबुती हवी म्हटल्यावर दुकानदार हमखास एक स्टिकर दाखवतो : 'मिलिटरी ग्रेड'. हे मिल-एसटीडी-८१० नावाचं अमेरिकी लष्कराचं चाचणी-मानक आहे. ते १९६२ मध्ये पहिल्यांदा निघालं आणि त्याची 'एच' ही आवृत्ती २०१९ ची. पण लष्कर कुठल्याही लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. मानकात पुष्कळ चाचण्या आहेत. त्यातल्या कोणत्या आणि कशा घ्यायच्या, हे कंपनीच ठरवते. स्टिकर वाईट नाही. फक्त 'कोणत्या चाचण्या?' एवढं विचारलं, की दुकानातलं संभाषण लगेच रंगीत लाइटवर येतं.

खरा मजबूत लॅपटॉप कसा असतो, हे आपल्या महाराष्ट्रानं फार पूर्वी पाहिलंय. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत मुलांच्या हातात आले होते. रबरी, बंदिस्त कीबोर्ड, उन्हातही वाचता येणारी स्क्रीन. आत पंखा नाही आणि फिरणारी हार्ड डिस्कही नाही, म्हणजे धूळ ओढणारं किंवा धक्क्यानं मोडणारं काहीच नाही. पण स्क्रीन किती? साडेसात इंच! टिकाऊपणा स्टिकरनं येत नाही, काहीतरी सोडून दिल्यानं येतो, हे मला त्यावरून पटलं. ईटॅब्ज साडेसात इंचात चालणार नाही, त्यामुळे इंच सोडणं मला शक्य नव्हतं. मग मी काय सोडू शकते?

उत्तर होतं ग्राफिक्स कार्ड. इथे होस्टेलवरचे मित्र माझ्यावर चिडतील, पण हिशेब बघा. ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. ईटॅब्जचं ॲनालिसिस प्रोसेसर आणि रॅम मागतं, ग्राफिक्स कार्ड तिथे नुसतं बसून राहतं. व्हॅलोरंट तर साध्या, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवरही चालतो. शिवाय कार्डाच्या नावात एक गोम आहे. आरटीएक्स ४०५० हेच नाव एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं आणि दुसऱ्यात ११५ वॅटवर! नाव तेच, वेगात मात्र मोठा फरक. पातळ बॉडीत कमी वॅटचं मोठं नाव घेण्यापेक्षा, थंड राहणाऱ्या बॉडीत लहान कार्ड मला बरं वाटलं. उलट रॅमच्या बाबतीत कंजुषी नको. २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती जगभर चढल्या, म्हणून निदान १६ जीबी आधीच घ्यावी आणि पुढे वाढवायला स्लॉट आहे की सगळी बोर्डावरच चिकटवलेली आहे, हे विचारावं.

"जुना घे की, पंचवीस हजारांत मिळतो," असंही दोघा-तिघांनी सुचवलं. ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप बांध्यानं खरंच चांगले असतात. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर चालत नाही. त्यामुळे जुना घेणाऱ्यांनी पिढी बघूनच घ्यावा. मला पाच वर्षं काढायची होती, म्हणून मी नवा घेतला.

तर निकाल असा : १६ इंची, १६:१० ची मॅट स्क्रीन, आरटीएक्स ३०५० कार्ड, १६ जीबी रॅम, पुढे वाढवता येण्याजोगी. मागच्या वर्षीचं मॉडेल, म्हणून ६४ हजार. उरलेल्या पैशांतून साडेपाच हजारांची तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, पडणं-सांडणं धरून. कीबोर्डला फक्त पांढरा लाइट आहे. नवे मोठे गेम तो मध्यम सेटिंगवर चालवतो, आणि मला तेवढं पुरतं. भावाच्या क्लासचा हप्ता वेळेवर गेला. तो म्हणतो, "दीदी, कार्ड जरा मोठं घ्यायला पायजे होतं." त्याला मी सांगितलंय, तू डॉक्टर झालास की घेऊन दे!

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन, की दुकानात जायच्या आधी मामांचा प्रश्न कागदावर लिहून न्या. आपल्यातल्या बहुतेकांचा लॅपटॉप कुणाच्या तरी पोत्यांतून, पगारातून किंवा भिशीतून येतो. तो मेला तर दुसरा लगेच येत नाही.

माझ्या लॅपटॉपच्या बिलाची नोंद पप्पांनी आपल्या लाल वहीत केली आहे : 'लॅपटॉप, नग १, रु. ६९,५००' आणि पुढे बारीक अक्षरात '१३ क्विं.' येत्या दिवाळीला लक्ष्मीपूजनात तो वह्यांच्या शेजारी ठेवायचा, असं त्यांनी ठरवलंय. फोनवर मला सांगत होते, "पूजेला घेऊन ये, पण येताना आधी मामाकडं जा आणि पंख्यातली धूळ काढून आण."